न झालेल्या गोलाचे चरित्र

फुटबॉलच्या सामन्याचे मराठी वार्तांकन कोणत्याही दिवशीचे उघडून पाहावे. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला आणि चेंडू कोणी पुरवला, या तीन प्रश्नांवर सारा मजकूर उभा असतो. बचावफळीचा उल्लेख दोनच प्रसंगी येतो. एक, तिने चूक केली तेव्हा. दोन, 'भक्कम' या एका विशेषणात तिची बोळवण करायची असते तेव्हा. ज्या खेळाडूने नव्वद मिनिटांत सात-आठ वेळा अनर्थ टाळला, त्याच्या वाट्याला एक वाक्यही येत नाही, कारण त्याने जे केले त्याचा परिणाम म्हणजे काहीच न घडणे.

साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक वाचतात अशा ठिकाणी फुटबॉलचा विषय का, असे कोणी विचारील. आमचा मुद्दा खेळाचा आहे तेवढाच कथनाचा आहे. जे घडले नाही त्याचे श्रेय कसे सांगायचे आणि ज्याने ते घडू दिले नाही त्याचे चरित्र कसे लिहायचे, हा प्रश्न मराठी चरित्रवाङ्मयाने पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही, असे आमचे मत आहे. बचावपटू म्हणून खेळून पुढे प्रशिक्षक झालेल्या माणसाची कारकीर्द ही त्या प्रश्नाची उत्तम कसोटी ठरते. त्याचे पूर्वायुष्य न झालेल्या गोलांचे असते आणि उत्तरायुष्य दुसऱ्यांनी केलेल्या गोलांचे. दोन्ही ठिकाणी त्याचे स्वतःचे नाव धावफलकावर लागत नाही.

आपल्या परंपरेला हा प्रश्न अपरिचित आहे असे मात्र नाही. वैशेषिकांनी पुढे अभाव हा सातवा पदार्थ मानला, आणि भाट्ट मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण स्वीकारले. जमिनीवर घट नाही, हे कळणे म्हणजे नुसती जमीन दिसणे नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. अभावाच्या चार प्रकारांत प्रागभाव म्हणून एक आहे: वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव. तो अनादी असतो, पण वस्तू उत्पन्न झाली की संपतो. बचावपटूचे काम याहून नेमके सांगता येणार नाही. प्रतिस्पर्ध्याच्या गोलाचा प्रागभाव नव्वद मिनिटे टिकवून धरायचा, एवढेच त्याचे काम. आपल्या दार्शनिकांनी ज्याला पदार्थांत जागा दिली, त्याला आपल्या वार्ताहरांना वाक्यात जागा देता येऊ नये, ही विसंगती आहे.

मराठी स्मृतीत बचाव करणाऱ्याला स्थान नाही का? अर्थातच आहे. १६६० च्या जुलैमध्ये घोडखिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू देशपांडे हे आपले आद्य बचावपटूच म्हणावे लागतील. पुढचा माणूस विशाळगडावर पोहोचेपर्यंत मागचा शत्रू पुढे सरकू द्यायचा नाही, हेच त्यांचे कार्य होते. पुरंदरावर १६६५ मध्ये मुरारबाजी लढले तेही बचावासाठी. पण या दोघांना पोवाड्यांत आणि पाठ्यपुस्तकांत जे अढळ स्थान मिळाले, त्यात त्यांच्या मरणाचा वाटा मोठा आहे. रक्षण करणारा धारातीर्थी पडला तर तो आपल्याला दिसतो. जो रक्षण करून जिवंत राहतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला जातो आणि पंधरा वर्षांनी निमूट निवृत्त होतो, त्याच्यासाठी आपल्याकडे काव्यप्रकार नाही.

हा दोष केवळ मराठीचा नाही. इतिहासातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळ पार्टिक येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला आणि तो शून्य-शून्य असा सुटला. म्हणजे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय इतिहासाचे पहिलेच पान न झालेल्या गोलाचे आहे. तरीही ज्या स्कॉटलंडमध्ये ते पान लिहिले गेले, तिथल्या बचावपटूंचीही गत निराळी नाही. अ‍ॅलेक्स मॅक्लिश यांचे उदाहरण घ्यावे. अ‍ॅबर्डीनचे हे मध्यवर्ती बचावपटू स्कॉटलंडकडून ७७ सामने खेळले. ११ मे १९८३ रोजी गोथेनबर्ग येथे अ‍ॅबर्डीनने रिआल माद्रिदला २-१ असे हरवून युरोपियन चषकविजेत्यांचा चषक जिंकला, त्या संघात ते होते. पण त्या सामन्यातला त्यांचा ठळक क्षण कोणता? पावसाने भिजलेल्या मैदानात त्यांनी गोलरक्षकाकडे परत दिलेला चेंडू मध्येच रुतला आणि माद्रिदला पेनल्टी मिळाली. उरलेल्या वेळात त्यांनी काय काय अडवले, ते सांगायला पुन्हा चित्रफीतच पाहावी लागते. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी २००२-०३ च्या मोसमात रेंजर्सला तिन्ही देशी विजेतेपदे मिळवून दिली, २००७ मध्ये स्कॉटलंडने पॅरिसमध्ये फ्रान्सला हरवले तेव्हा सूत्रे त्यांच्याकडे होती, आणि २०११ मध्ये त्यांच्या बर्मिंगहॅमने आर्सेनलला नमवून लीग चषक जिंकला. तिथे निदान हे सारे लिहून ठेवलेले आहे.

आपल्याकडे पाहू. मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला आणि २०००-०१ पर्यंत चालला. एवढी जुनी फुटबॉलची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातून राष्ट्रीय फुटबॉल लीग या नावाने चाललेली स्पर्धा एकाच संघाने जिंकली: मुंबईच्या महिंद्र युनायटेडने, २००५-०६ मध्ये. त्याआधी २००५ चा फेडरेशन चषकही याच संघाने जिंकला होता. या दुहेरी यशाच्या वेळी संघाचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. साळगावकर संघाने १९८८ आणि १९८९ असा सलग दोनदा फेडरेशन चषक जिंकला, त्या काळातले हे स्टॉपर. ते भारताकडूनही खेळले.

गोव्याच्या ज्या फुटबॉलमध्ये त्यांची घडण झाली, त्याचेही एक वैशिष्ट्य इथे नोंदवले पाहिजे. १९८३-८४ ची संतोष करंडक स्पर्धा गोव्याने जिंकली ती एकही गोल न स्वीकारता. त्या संघाचे कर्णधार होते गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर. आघाडीपटूंच्या पराक्रमावर जिंकलेल्या स्पर्धा पुष्कळ असतील, पण एक संपूर्ण स्पर्धा न घडलेल्या गोष्टीच्या बळावर जिंकल्याचे असे उदाहरण विरळा. ज्या प्रदेशात हे घडले, तिथे पुढे प्रशिक्षक झालेले बचावपटू एकामागून एक दिसतात, हा आम्हांला योगायोग वाटत नाही.

परेरा यांची पुढची वाटचाल महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी हा संघ २००९-१० मध्ये प्रथमच आय-लीगमध्ये उतरला, तो त्यांच्या हाताखाली. पहिल्याच मोसमात तो तिसरा आला. २०१२-१३ मध्ये, चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ, तो दुसरा आला. बालेवाडीच्या मैदानावर सामने खेळणाऱ्या या संघाला मोठा पूर्वेतिहास नव्हता, कोलकात्यासारखा पिढीजात प्रेक्षक नव्हता. चार मोसमांत तो देशातल्या पहिल्या दोघांत येऊन बसला. तिथून परेरा साळगावकरकडे परतले. २०१४ चा ड्युरँड चषक साळगावकरने जिंकला, आणि अंतिम सामन्यात समोर कोण होते? पुणे एफसी. स्वतः उभारलेला संघ समोर असताना त्याला थोपवण्याची वेळ एखाद्या माणसावर यावी, यातले नाट्य कोणत्याही मराठी लेखकाला खुणावायला हवे होते. पुढे ते एफसी गोवा संघात तांत्रिक संचालक झाले. २०१९ मध्ये भारताच्या २३ वर्षांखालील संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये हुआन फेरांदो मोसमाच्या मध्यावर संघ सोडून गेले, तेव्हा एफसी गोवाने मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे दिले. त्या मोसमात अकरा संघांत गोवा नववा आला. यशाची यादी देताना हेही सांगितले पाहिजे, कारण चरित्र म्हणजे गौरवग्रंथ नव्हे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बचावपटू चांगला प्रशिक्षक का होतो? होतोच असा नियम नाही, हे आधी मान्य करतो. प्रदीपकुमार बॅनर्जी आघाडीला खेळत आणि ते मोठे प्रशिक्षक झाले. अ‍ॅलेक्स फर्ग्युसनही आघाडीचेच खेळाडू. सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके जिंकली, ते तर पेशाने शिक्षक होते. तरीही बचावाच्या जागेचे स्वतःचे असे एक शिक्षण असते. मैदानाच्या मागच्या भागात उभ्या असलेल्या माणसाला सारा खेळ आपल्यासमोर उलगडताना दिसतो. आघाडीपटूची पाठ आपल्या सहकाऱ्यांकडे असते, बचावपटूचे तोंड त्यांच्याकडे असते. त्याला सतत बोलावे लागते: याला धर, तू पुढे सरक, रेषा सोडू नको. चारही बचावपटू एकाच वेळी पुढे आले नाहीत, तर ऑफसाइडचा सापळा फसतो. म्हणजे आपले काम नीट करणे पुरत नाही, शेजाऱ्याने त्याचे काम नीट केले की नाही हेही पाहावे लागते. हे सारे करणारा माणूस खेळत असतानाच निम्मा प्रशिक्षक झालेला असतो.

दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. श्रेय न मिळण्याची सवय त्याला आधीपासून असते. प्रशिक्षकाला जे सहन करावे लागते, विजय खेळाडूंचा आणि पराभव आपला, ते त्याने खेळाडू म्हणूनच पचवलेले असते. आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. विद्यार्थ्याच्या लेखनात न राहिलेली चूक कोणी दाखवून देत नाही. हस्तलिखितातला फुगलेला परिच्छेद ज्या संपादकाने काढून टाकला, त्याचे नाव पुस्तकावर नसते, आणि तो परिच्छेद वाचकाला दिसत नाही म्हणूनच पुस्तक चांगले वाटते. संपादक, शिक्षक, बचावपटू हे एका कुळातले लोक आहेत.

बचावपटू दिसावा म्हणून त्याने आपली जागा सोडावी लागते, याचे भारतीय फुटबॉलमधले प्रसिद्ध उदाहरण जर्नेलसिंग यांचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जखमी झालेल्या या बचावपटूला रहीम यांनी आघाडीला खेळवले. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केले. दक्षिण कोरियाविरुद्धचा तो सामना २-१ असा जिंकल्याची कथा सांगताना जर्नेलसिंगांचा गोल हमखास येतो. देशातल्या श्रेष्ठ बचावपटूंत गणल्या गेलेल्या माणसाची लोककथा त्याने केलेल्या गोलावर उभी राहावी, यात आमच्या म्हणण्याचे सार आले.

अलीकडचे उदाहरण गोव्याच्याच महेश गवळी यांचे. टाटा फुटबॉल अकादमीत घडलेले हे मध्यवर्ती बचावपटू. भारताने २००७ मध्ये दिल्लीत सीरियाला १-०ने हरवून नेहरू चषक जिंकला, त्या बचावफळीत ते होते. त्या सामन्याचा विषय निघाला की एन. पी. प्रदीप यांचा गोल आठवतो. तो आठवायलाच हवा. पण १-० या आकड्यात दोन अंक असतात. त्यातला एक प्रदीप यांचा आणि शून्य गवळींसह मागच्या सगळ्यांचे. वाचताना आपण पहिला अंक वाचतो आणि दुसऱ्याकडे केवळ विरामचिन्ह म्हणून पाहतो.

पुढे गवळी राष्ट्रीय संघाचे सहप्रशिक्षक झाले. मुख्य प्रशिक्षक होते क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक, १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघातले बचावपटू. २०२३ च्या जून-जुलैमध्ये बंगळुरूत झालेल्या सॅफ स्पर्धेत स्टिमॅक यांना दोनदा लाल कार्ड मिळाले. त्यामुळे नेपाळविरुद्धचा साखळी सामना, लेबननविरुद्धचा उपांत्य सामना आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना या तिन्ही वेळी मैदानाच्या कडेला उभे राहून संघ सांभाळला तो गवळींनी. नेपाळविरुद्ध २-० असा विजय मिळाला. लेबननविरुद्ध शून्य-शून्य बरोबरी आणि पेनल्टींवर ४-२. कुवेतविरुद्ध ४ जुलैला १-१ आणि पेनल्टींवर ५-४. भारत विजेता ठरला. गुरप्रीतसिंगने अडवलेली शेवटची पेनल्टी सर्वांनी पाहिली. ज्यांच्या नावासमोर त्या विजेतेपदाची नोंद प्रशिक्षक म्हणून झाली ते स्टिमॅक, आणि ते अन्याय्यही नाही, कारण संघ त्यांनी बांधला होता. मात्र निर्णायक दोन्ही सामन्यांत कडेला कोण उभे होते, हे सांगायला एका वाक्याची जागा लागते. तेवढी जागा आपण देतो का?

याच स्पर्धेतला आणखी एक तपशील. कुवेतविरुद्धच्या साखळी सामन्यात भारत अखेरच्या क्षणापर्यंत पुढे होता. भरपाईच्या वेळेत बचावपटू अन्वर अलीच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि सामना १-१ असा सुटला. चारही साखळी आणि उपांत्य सामने मिळून भारतावर झालेला तो एकमेव गोल, आणि तोही स्वतःचाच. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत अन्वर अलीचे नाव होते. एरवी ते क्वचितच असते.

इथे आमचे मत स्पष्ट मांडतो. भारतीय फुटबॉलने देशी प्रशिक्षकाला दीर्घकाळ बदली खेळाडूसारखे वागवले आहे. राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक परदेशी, मदतनीस देशी, आणि परदेशी प्रशिक्षक निघून गेला की हंगामी व्यवस्था देशी, ही पद्धत अनेक वर्षे चालली. परदेशी प्रशिक्षकांनी काही केले नाही, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. २००७ आणि २००९ चे नेहरू चषक, २००८ चा एएफसी चॅलेंज चषक आणि त्यातून २०११ च्या आशिया चषकातला प्रवेश हे बॉब हौटन यांच्या काळातले यश खरे आहे. प्रश्न एवढाच, की त्यांच्यासोबत शिकलेल्या देशी माणसाला पुढची पायरी कधी मिळणार? २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील यांची राष्ट्रीय संघावर नेमणूक झाली. मुंबई एफसी या संघाला वर्षानुवर्षे मर्यादित साधनांत तगवून ठेवणारे आणि २०१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून देणारे हे प्रशिक्षक. ते बचावपटू नव्हते, मध्यरक्षक होते, पण ज्या शाळेत ते शिकले ती मुंबईची. ही नेमणूक अपवाद ठरू नये, एवढीच अपेक्षा.

अपेक्षेला स्मृतीचा आधार लागतो, आणि तिथेच मराठी लिहिणाऱ्यांची जबाबदारी सुरू होते. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीचा वरिष्ठ संघ २०१४-१५ नंतर आय-लीगमध्ये उतरला नाही. मुंबई एफसी २०१६-१७ च्या मोसमाअखेर आय-लीगमधून खाली गेला आणि विझला. साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. म्हणजे परेरा ज्या संघांतून घडले आणि ज्यांना त्यांनी घडवले, ते राष्ट्रीय पातळीवरून एकेक करून नाहीसे झाले. क्लब जिवंत असतो तेव्हा त्याचे चाहते त्याचा इतिहास सांभाळतात. क्लबच गेला, तर आघाडीपटूचे गोल निदान आकडेवारीत उरतात. बचावपटूचे आणि प्रशिक्षकाचे काम ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणीतच असते, आणि त्या आठवणींना वय असते.

आम्ही खडवलीसारख्या गावातून शिकवायला जाणारे लोक. भातकापणी झाली की भातसेच्या काठची खाचरे मोकळी होतात आणि मुले दोन-दोन दगड मांडून फुटबॉल खेळू लागतात. सगळ्यांना पुढे खेळायचे असते. मागे कोणाला ठेवायचे, याचे उत्तर ठरलेले: जो लहान आहे, जो नवा आहे, ज्याचे ऐकून घेतले जात नाही तो. यांतलीच काही मुले पुढे कसारा लोकलने कल्याण-ठाण्याच्या महाविद्यालयांत येतात, काही मराठी विषय घेतात. त्यांना पाहिलेल्या सामन्याचा वृत्तान्त लिहायला सांगितला, तर स्वतः बॅक म्हणून खेळणारा विद्यार्थीदेखील गोल करणाऱ्यावरच निबंध लिहितो. आपण जे रोज करतो त्याला भाषेत जागा आहे, हेच त्याला कोणी दाखवलेले नसते.

ते दाखवण्याची पद्धत मराठीला नव्याने शोधावी लागणार नाही. मराठी गद्याच्या आरंभी उभे असलेले 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी कसे सिद्ध केले, हे आपण दरवर्षी शिकवतो. चक्रधरांच्या सहवासातल्या माणसांना गाठून, कोणी काय पाहिले आणि काय ऐकले हे विचारून त्यांनी लीळा गोळा केल्या. त्यांत चमत्कार आहेत, तसे साधे बोलणे, जेवण, वाटचालही आहे. मोठ्या घटनांच्या पलीकडचे आयुष्य नोंदवण्याची ही दृष्टी आपल्या भाषेच्या पहिल्या चरित्रातच आहे. एम.ए.च्या प्रकल्पासाठी दर वर्षी तेच ते विषय देण्याऐवजी चार विद्यार्थ्यांना कूपरेजवर, बालेवाडीला, मडगावला पाठवावे. महिंद्रच्या किंवा पुणे एफसीच्या जुन्या खेळाडूंना त्यांनी गोलांविषयी विचारू नये. सरावाच्या वेळी प्रशिक्षक कोठे उभे राहत, हरल्यावर पहिले वाक्य काय बोलत, उजव्या बगलेच्या नवख्या बॅकला काय सांगत, हे विचारावे. उत्तरे मराठीत, कोंकणीत, हिंदीत जशी येतील तशी उतरवून घ्यावीत.

अशा दहा मुलाखती जरी जमल्या, तरी न झालेल्या गोलांचे निदान एक प्रकरण मराठीत लिहून होईल.